वारा उतरला

त्या वर्षी कार्तिक लागला तरी दव पडायचं नाव नव्हतं.

चेणे गावाच्या वरच्या अंगाला, नॅशनल पार्काची हद्द लागते तिथे, एरवी दिवाळीनंतर सकाळी पायवाटेने दहा पावलं चाललं की लेंगा गुडघ्यापर्यंत भिजायचा. गवत दवाच्या भाराने वाकलेलं असायचं आणि ऊन चांगलं वर आल्याशिवाय वनखात्याच्या चौकीच्या पत्र्यावरून ठिबकणं थांबायचं नाही. यंदा पत्रा कोरडा, वाट कोरडी. रामनाथ रोज उजाडता उजाडता चौकीमागच्या गवतावरून तळहात फिरवायचा आणि कोरडाच हात घेऊन आत यायचा.

“काय काका, आज?” वनरक्षक गुणवंत रजिस्टर उघडून बसलेला असायचा.

“न्हाय परलं.”

आगऱ्यांच्या जिभेवर ‘पडलं’चं ‘परलं’ होतं, एवढं गुणवंतला एव्हाना कळायला लागलं होतं. तो दवाच्या रकान्यात ‘नाही’ लिहायचा. सलग एकोणीस दिवस त्या रकान्यात दुसरा शब्द नव्हता.

खोडी पावसाने काढली होती. गणपतीत असा कोसळला की डोंगरावरचं कुसळी गवत माणसाच्या डोक्याबरोबर आलं, आणि पितृपक्ष लागताच पाठ फिरवून चालता झाला. ओढा दिवाळीआधीच आटला. सकाळी पारा तेरावर आणि दुपारी सदतिसावर जायला लागला, तेव्हा गुणवंत तापमापक सदऱ्याला पुसून पुन्हा पुन्हा बघायचा. पहाटे घोंगडी झटकली तर ठिणग्या उडायच्या. माकडं झाडं सोडून चेण्याच्या विहिरीपाशी येऊन बसायला लागली, आणि एका सकाळी पाणवठ्याच्या चिखलात बिबट्याचे ठसे दिसले तेव्हा बायकांनी तिथे एकटीदुकटीने जाणं बंद केलं.

खाली भाईंदर पश्चिमेच्या सोसायट्यांत मात्र लोक खूश होते. यंदा थंडी काय झकास पडलीय म्हणत त्यांनी कपाटातून स्वेटर काढले. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकवाले हवेची तारीफ करत एकाच्या जागी तीन चहा प्यायचे. त्यांना कोण सांगणार की डोंगरावरच्या गवताचं काडं हातात घेतलं तर ते आता वाकत नाही, मोडतं?

रामनाथला ही हवा ओळखीची होती, म्हणून तर तो जास्त धास्तावला होता. तीस वर्षं त्याने भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरावर काढली होती. मिठाला अशी कोरडी हवा म्हणजे पर्वणी. जे मीठ धरायला पंधरा दिवस लागायचे ते आठात धरायचं, आणि मुकादम हसतमुख फिरायचा. पण तिथे जळण्यासारखं काही नव्हतं, पाणी आणि चिखल. इथे डोंगरच्या डोंगर वाळून उभा होता.

मिठागरावर रामनाथचा मान होता तो वाऱ्यामुळे. जमिनीवरून येणारा वारा कधी थांबेल आणि समुद्राचा कधी सुटेल, हे तो असं अचूक सांगायचा की माणसं घड्याळाऐवजी त्याच्या तोंडाकडे बघायची. मग एकेका मिठागरावर भरणी पडली, इमारती आल्या, आणि वारा सांगणाऱ्या माणसाची कोणाला गरज उरली नाही. बायकोच्या, सावित्रीच्या, माहेरी चेण्याला तो तिच्यासह राहायला आला आणि साठीला टेकल्यावर वणव्याचा रखवालदार म्हणून रोजंदारीवर लागला. जावयाने सासुरवाडीला राहू नये म्हणतात. त्याला ते टोचायचं. पण गावात कोणी त्याची ओळख करून देताना ‘हा सावित्रीचा नवरा’ म्हणालं की तो लगेच पुस्ती जोडायचा, “मी वाऱ्याचा मानूस.”

गुणवंतने ते पहिल्याच दिवशी मान्य करून टाकलं होतं. पोरगा परभणीकडचा, सव्वीस वर्षांचा, नोकरीचं दुसरं वर्ष, अजून कायम झालेला नाही. बायको वैजयंता आणि वर्षाची मुलगी भाईंदरला भाड्याच्या खोलीत, आणि हा आठवड्यातले पाच दिवस डोंगरात. जूनमध्ये बदलून आला तेव्हा त्याने समुद्र म्हणजे फक्त शाळेच्या नकाशात पाहिलेला. रामनाथ त्याला चारचौघांत ‘साहेब’ म्हणायचा आणि चौकीत ‘गुणवंता’. आपल्या डब्यातलं सुकट त्याला बळेच खायला घालायचा. स्वतःला मूल नव्हतं, ते असं सव्वीस वर्षांचं आयतं मिळालं, असं सावित्री हसत म्हणायची आणि रामनाथ ते नाकारत नसे.

आता प्रश्न जाळरेषेचा होता. पावसाळा सरला की डोंगराच्या उतारावर गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून टाकायचा असतो, म्हणजे पुढे वणवा लागलाच तर तो त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबावा. पट्ट्याच्या वर मोठा माळ होता, माणसाच्या उंचीच्या गवताचा, आणि माळाच्या पलीकडे वरचा पाडा. अकरा घरं, सगळी गवताने शाकारलेली. दरवर्षी दव असायचं, त्यामुळे पट्ट्याबाहेर ठिणगी उडाली तरी ओल्या गवतात चुरचुरून विझायची. यंदा ती सोय नव्हती.

“ह्या साली पेटवू नुको,” रामनाथ एकदा म्हणाला.

“नाही पेटवलं आन् पुढच्या महिन्यात कुणी बिडी टाकली तर, काका? पाडा जातोय की सगळा.” गुणवंतचंही बरोबर होतं. “सकाळी वारा डोंगरावरून खाली येतोय तेवढ्या वेळात उरकायचं. पट्ट्याच्या वरच्या कडेनं पेटवलं की आग माळाला पाठ दाखवून खाली सरकती. वाऱ्याचं तुम्ही बघा. तुमच्यापुढं आपलं काय चालतंय.”

शेवटच्या वाक्याने रामनाथ विरघळला. विरघळायला नको होता.

पहिले दोन दिवस काम बिनबोभाट झालं. उजाडताच सुरुवात, नवाच्या आत बंद. गुणवंत तीन मजुरांना घेऊन वर पट्ट्यावर, हातात पेटती चूड. रामनाथ दोनशे पावलं खाली, ओढ्याकडेच्या कातळावर, कारण तिथून घोडबंदरची खाडी दिसायची आणि समुद्राचा वारा आधी तिथल्या पाण्यावर उमटायचा. दोन्ही दिवस नवापर्यंत वारा डोंगराचाच राहिला. रामनाथला ओरडायची वेळच आली नाही.

तिसऱ्या दिवशी काशीमीऱ्याहून मजुरांना घेऊन येणारा टेम्पो पंक्चर झाला. मजूर आले ते पावणेनवाला.

“आज ऱ्हाऊ दे, गुणवंता.”

“पन्नास पावलांचा तुकडा राहिलाय, काका. तासाचं काम. तुम्ही आहात की खाली.”

रामनाथने आभाळाकडे बघितलं. निळं नव्हतं ते, तांब्याच्या भांड्यावर धूर धरावा तसं दिसत होतं. एकही पाखरू ओरडत नव्हतं. त्याला मनातून पटत नव्हतं, पण आपण नाही म्हटलं तर आपला वाऱ्यावरचा भरवसा उडालाय असं पोराला वाटेल, ही एक भलतीच भीती त्याला आडवी आली. “मी हाय,” तो म्हणाला आणि कातळावर जाऊन उभा राहिला.

साडेनऊपर्यंत निम्मा तुकडा काळा झाला. आग शहाण्यासारखी हळूहळू खाली सरकत होती, मजूर ओल्या डहाळ्यांनी तिच्या कडा झोडपत होते. दहाला गुणवंतने वरून हाक दिली, “काका, वारा?”

“हाय अजून!”

आणि मग, आणखी पाच-सात मिनिटांनी, रामनाथच्या कानाच्या पाळीवरची गार झुळूक थांबली. धूर तिरका होता तो सरळ उभा राहिला. खाडीचं पाणी परातीसारखं सपाट झालं. तीस वर्षांत ही घडी त्याने हजारो वेळा ओळखली होती. त्याने उजवा हात वर उचलला, जोराने खाली आणला आणि छातीत होता नव्हता तेवढा दम काढून ओरडला, “वारा उतरला!”

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. मिठागरावर पडतं ते फक्त मीठ. वाफ्यात पाण्याखाली पांढरा थर धरला की ‘मीठ परलं’. तो शब्द तिथे लक्ष्मीचा, म्हणून ‘वारा पडला’ असं तिथे कोणी म्हणत नाही. जमिनीवरचा वारा थांबला की मिठागरावरची माणसं म्हणतात ‘वारा उतरला’, जसा ताप उतरतो तसा. ते ऐकलं की हातातलं काम टाकायचं, कारण थोड्याच वेळात समुद्राचा वारा उलट्या दिशेने येणार. वरून खाली आणलेल्या हाताचा अर्थही तोच, थांबा. रामनाथने गुणवंतला थांबायला सांगितलं होतं, आणि अगदी वेळेवर सांगितलं होतं.

गुणवंत मात्र डोंगरातला वारा शिकला होता तो ट्रेनिंगमध्ये. तिथे वाऱ्याचे दोनच प्रकार, चढता आणि उतरता. चढता असला की काडीपेटी खिशात ठेवायची. उतरता असला की पेटवायचं. त्याने ऐकलं ‘वारा उतरला’, आणि खाली कातळावर काकांचा हातही वरून खाली आलेला त्याने डोळ्यांनी पाहिला. त्याने मान हलवली आणि उरलेल्या तुकड्याच्या वरच्या कडेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चूड फिरवत गेला.

खालून रामनाथला आधी वाटलं, पोरगा उरलेले निखारे विझवतोय. मग ज्वाळा दिसली. “अरे थांब, थांब!” तो ओरडत कातळावरून उतरला आणि चढायला लागला. पण साठीचे पाय, आणि गवताच्या कुसळांनी भरलेला उतार. अर्ध्यात पोचला तेव्हा त्याच्या पाठीवर वारा लागला. खाडीकडून आलेला, गरम, दरीतून वर चढणारा. त्याच्या सदऱ्याची मागची बाजू फुगली आणि समोर आगीने तोंड फिरवलं.

पट्ट्याची वरची कड तिने एका उडीत ओलांडली. माळावरचं गवत पेटलं तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून तिन्ही मजूर डहाळ्या टाकून ओढ्याकडे पळाले. गुणवंत पळाला तो उलट, माळाच्या कडेकडेने, पाड्याच्या दिशेने. रामनाथने त्याला धुरात शिरताना बघितलं. त्यानंतर त्याला काही दिसलं नाही, फक्त ऐकू येत राहिलं.

पाडा वाचला. गुणवंतने पाड्यातल्या माणसांना हाताशी धरून घरांच्या पुढ्यातलं गवत आधीच जाळून टाकलं, म्हणजे मोठी आग येऊन पोचली तेव्हा तिला खायला काही उरलं नव्हतं. एक गोठा गेला, माणूस एकही नाही. पण ते करताना त्याच्या मनगटाच्या पुढचे दोन्ही हात आणि गुडघ्याखालचा एक पाय भाजला. त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं तेव्हा रामनाथ झोळीबरोबर चालत होता. तो चिडला होता. इतका चिडला होता की त्याला रडूही येत नव्हतं.

घरी आल्यावर तो सावित्रीला म्हणाला, “तीस वर्सांत माझा शब्द कोनी मोरला न्हाय. ह्या पोरानं मोरला.”

“पोर भाजलाय वो,” सावित्री म्हणाली.

“म्हनून तं बोलतो.”

दुसऱ्या दिवशी राउंड साहेब चौकीत आले. त्यांच्या हाताखाली सात चौक्या, आणि दुपारपर्यंत त्यांना वर अहवाल पाठवायचा होता. माळावरून अजून धूर निघत होता, उन्हात राखेचे कण उडत होते आणि साहेब रुमालाने चष्मा पुसत विचारत होते. रामनाथने जे झालं ते सांगितलं. मी त्याला थांब म्हणून सांगितलं, त्याने ऐकलं नाही, पेटवलं. साहेबांनी ते आपल्या भाषेत लिहून घेतलं, वाऱ्याबाबत वेळेवर इशारा मिळूनही वनरक्षकाने स्वतःच्या मर्जीने पेटवणी चालू ठेवली, आणि वाचून दाखवलं. रामनाथला त्यात काही खोटं दिसलं नाही. त्याने सही केली.

राग उतरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सावित्रीने भाकरी आणि सुकटाची चटणी बांधून दिली आणि तो सरकारी इस्पितळात गेला. पोराला आधी चांगलं खडसवायचं आणि मग घास भरवायचा, असं त्याने वाटेत ठरवून टाकलं होतं.

गुणवंतचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते, उशांवर ठेवलेले. वैजयंता मुलीला मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. रामनाथ दिसताच गुणवंतचा चेहरा असा उजळला की खडसवायचं वाक्य रामनाथच्या तोंडातच राहिलं.

“काका, मी पडल्या पडल्या एकच विचार करतोय. वारा उतरला होता ना? तुम्ही म्हणालात, हातानं पण दाखवलं. मग इतक्या लवकर फिरला कसा?”

“उतरला म्हनूनच फिरला,” रामनाथ म्हणाला. “उतरला म्हंजे तुला काय वाटला?”

गुणवंतला हात उचलता येत नव्हते. त्याने हनुवटी वर केली आणि सावकाश छातीकडे आणली. “असा. वरून खाली.”

रामनाथ खाटेच्या कडेला बसला. भाकरीचं फडकं त्याने मांडीवर ठेवलं. वैजयंता त्याच्याकडे बघत होती आणि तिला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली, म्हणून तिने पाण्याचा गडू पुढे केला. त्याने तो घेतला, पण पाणी प्यायलं नाही. त्याच्या मनात फक्त एक गोष्ट चालली होती, की पोराने ऐकलं होतं. शब्द न शब्द ऐकला होता.

“काका,” वैजयंता हळूच म्हणाली, “साहेब आले होते. म्हणाले, यांनी इशारा मोडून आग लावली असा कोणाचा तरी जबाब आहे. म्हणजे आता कायम करणं तर लांबच, काढूनच टाकणार. हात असे. दुसरं काम कोण देईल यांना? तुम्ही तिथं होतात. तुम्ही खरं काय ते सांगा ना त्यांना.”

“सांगतो,” रामनाथ म्हणाला.

घोडबंदर रोडवरच्या राउंडच्या ऑफिसात तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. त्याने साहेबांना सगळं समजावून सांगितलं. मीठ कसं पडतं, वारा कसा उतरतो, मिठागरात काय म्हणतात आणि पोराने काय ऐकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

“म्हणजे तुम्ही त्याला थांबच म्हणालात.”

“व्हय.”

“आणि तो थांबला नाही. मग फरक काय पडला? शब्द कळला नव्हता तर त्याने खात्री करून घ्यायची. ती त्याची जबाबदारी. जबाब आहे तसाच राहतो.”

रामनाथने पुन्हा सुरुवात केली आणि मध्येच थांबला. खरं जितकं सांगावं तितकं ते पोराच्याच अंगावर जात होतं, हे त्याला दिसलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. साहेबांनी दुसरी फाईल ओढली.

“साहेब, तो कागद फाडा,” रामनाथ म्हणाला. “मी खोटं सांगितलं. घाबरलो होतो. मीच त्याला पेटव म्हनालो.”

साहेबांनी मान वर केली. “आत्ता तर वेगळंच सांगत होतात.”

“ती सारवासारव होती. लिवा. मला वारा कलला न्हाय.”

“तीस वर्षं मिठागरावर होतात म्हणता, आणि वारा कळला नाही?”

“न्हाय कलला. तिकरं पन दुसरीच मानसं सांगायची. मी नुसता मोठेपना करायचो. माझ्या सांगन्यावरून त्यानं पेटवलं, त्याचा काय गुन्हा न्हाय.”

मिठागरावरचं कोणी ऐकायला तिथे नव्हतं, तरी हे बोलताना त्याची मान खाली गेली. साहेबांनी नवा कागद घेतला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, रखवालदार रामनाथ यास वाऱ्याचे ज्ञान नसताना त्याने चुकीची माहिती दिली, आणि त्याच्यापुढे सरकवलं. रामनाथने सही केली.

“उद्यापासून येऊ नका कामावर,” साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. “गुणवंतचं मी बघतो. त्याला आता काही होणार नाही.”

रामनाथ हात जोडून दारापर्यंत गेला. मागे साहेब फोनवर कोणाशी तरी बोलायला लागले होते. पाड्याच्या पलीकडच्या उतारावर दुसरी रेषा अजून राहिली होती, तिथलं गवत जसंच्या तसं उभं होतं. मजूर उद्या मिळत होते, पण दहाच्या आत पोचणार नव्हते. हरकत नाही, साहेब सांगत होते, दहाला सुरू करू, बारापर्यंत आटपेल.

रामनाथ वळला. “साहेब, धानंतर नुको. त्या वक्ताला वारा—”

साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. “रामनाथ, आत्ताच काय लिहून दिलंत?”

तो बाहेर आला तेव्हा ऊन उतरत होतं आणि रस्त्याकडेचं गवत त्याच्या पायाखाली कडकडत मोडत होतं. सावित्री वाट बघत असणार होती. त्याने घराचा रस्ता सोडला आणि वरच्या पाड्याची वाट धरली. अकरा घरांना सकाळी दहाच्या आत खाली उतरायला सांगायचं होतं, आणि त्यांनी ते कोणाच्या शब्दावर ऐकावं हे त्याला अजून सुचलं नव्हतं.